एक जानेवारी

पहाटे पावणेसहाला काळ्या पडद्यावर
पांढऱ्या ओळी धावत येतात,
येतात, येतात,
आणि एका ओळीपाशी खिळतात
बिटकोच्या सिग्नलला रिक्षा खिळते तशा.
मग वर्तुळ. वर्तुळात तिरकी रेघ.
आज पाचवा दिवस.

डबा मीच जोडलाय.
मदरबोर्ड एम. जी. रोडवरून, घासाघीस करून,
ग्राफिक्स कार्ड ओझरच्या एका पोराचं,
बारावी आली म्हणून त्याच्या आईने विकायला लावलेलं,
रॅम दोन कंपन्यांच्या, शेजारी बसलेल्या पण न बोलणाऱ्या.
आत सिस्टिम मात्र सफरचंदाची.
तिला सांगितलंय, तू आयमॅक आहेस.
सीरियल नंबरही दिलाय, बनवलेला.
तिचा विश्वास बसतो.
रोज नाही.

अण्णा चहाचा कप घेऊन दारात.
एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये,
त्यातली बावीस तपासणीला.
आकडा केसभर सरकला की अख्खा ताव बाजूला.
"अस्सल आहे का गं हे?"
दोन वर्षांत हा प्रश्न किती वेळा.
मी म्हणते, चालतंय ना.
"चालतं तर खोटंही. काही दिवस."

सोमवारपासून करून झालंय ते असं:
पेनड्राइव्ह निळ्या पोर्टातून काढून मागच्या काळ्यात.
एक रॅम काढून. मग ती घालून दुसरी काढून.
कार्ड उपटून, त्याचे सोनेरी दात खोडरबराने घासून.
कॉन्फिगच्या फाइलीत एका 'हो'चं 'नाही',
आणि रात्री घाबरून त्याचं परत 'हो'.
बायोसमध्ये तीन गोष्टी बंद, एक चालू,
की उठते, दिवसभर शहाण्यासारखी वागते,
सकाळी पुन्हा तेच वर्तुळ.
आत सिन्नरच्या सांगळ्यांचं लग्न अडकलंय.
हळद झालीय, वरात मारुतीच्या पारापाशी उभी,
आणि नवरीच्या मामाचे रोज दोन फोन.

"फोटो काढतेस ना त्याचे? आण इकडे."
मोबाइलवर पाच सकाळचे पाच बायोस.
अण्णा वाचत नाहीत,
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात
नजर नुसती ओढत नेतात,
एक फोटो, दुसरा, पुन्हा पहिला.
त्यातलं काही कळत नाहीये त्यांना, हे मला दिसतंय.
मग अंगठा थांबतो.
"ही तारीख."

पाचही फोटोंत एक जानेवारी.
पाचही फोटोंत रात्रीचे बारा वाजून काही मिनिटं.
बाहेर वैशाख, पंखा गरम वारा घुसळतोय,
आणि ही रोज त्याच जुन्या नव्या वर्षात
डोळे उघडते,
काल शिकवलेलं सगळं पुसून.

सेल. बोर्डावरचा, नाण्याएवढा. मेलाय.
भिंतीतून वीज येत असती
तर हे कळलंही नसतं इतक्यात.
"पण वीज असतेच की रात्रभर," मी म्हणते.

अण्णा कपाकडे बघतात.
झोपण्याआधी घरातली सगळी बटणं बंद करणारा माणूस
आमच्याकडे एकच आहे.
"म्हणजे मीच."
मी काही म्हणत नाही. चहावर साय आलीय.

दहाला खैरनारांचं घड्याळाचं दुकान उघडतं.
चाळीस रुपये. अण्णा देतात.
परत आलेली दहाची नोट
उजेडाकडे धरून मग खिशात.

सेल बसवला. तारीख घातली, वेळ घातली,
तीन बंद, एक चालू.
ओळी धावल्या आणि कुठे न थांबता निघून गेल्या.
माहितीच्या चौकटीत अण्णा वाकून बघतात,
तो नंबर पुटपुटतात, एकेक अक्षर, एकेक आकडा.
"दुसऱ्या कुणाचा तर नाही ना हा?"
"नाही. शोधून बघितलंय. कुणाचाच नाही."
"मग राहू दे."

पारापासून वरात दोन पावलं पुढे सरकली.
बँडवाल्याचा एक बूट सुटलेला आहे,
हे आत्ता दिसतंय.